विझलेला दिवा आणि उघडा व्हॉल्व्ह
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



डॅशबोर्ड हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. बँकेतली मुलगी म्हणते, "काका, डॅशबोर्डवर तुमचं दिसत नाहीये." शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, आज डॅशबोर्ड भरायचा आहे, तास होणार नाही. संगणकाच्या पडद्यावर एका नजरेत साऱ्या कारभाराचा हिशेब दाखवणारा फलक, असा त्याचा आजचा अर्थ. पण शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. घोडा धावू लागला की टापांनी चिखल उडतो. तो गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीला पुढे एक आडवी फळी ठोकत. एकोणिसाव्या शतकात तिचेच हे नाव पडले. मी लहान असताना आमच्या गावी टांगे होते. पुढे बसायला मिळाले की मी पाय उचलून समोरच्या पत्र्यावर टेकवत असे आणि टांगेवाल्या चाचांचा ओरडा खात असे.

पुढे मोटार आली, घोडा गेला, फळी मात्र राहिली. तिच्यावर वेगाचा काटा आला, पेट्रोलचा आला, तेलाच्या दाबाचा आला. म्हणजे अंगावर काही येऊ नये म्हणून जी फळी बसवली होती, तीच आता आपल्याला सगळे दाखवू लागली. मला यात गंमत वाटते, आणि थोडी धास्तीही वाटते. कारण झाकण्याचा आपला जुना धंदा या फळीने पुरता सोडला आहे, असे मला अजून वाटत नाही.

आज मला सांगायची आहे ती गोष्ट एका दिव्याची.

२८ मार्च १९७९, बुधवार. पहाटेचे चार. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्ग शहराजवळ सस्क्वेहाना नदीत एक बेट आहे, थ्री माइल आयलंड. तिथे अणुवीज केंद्र होते. त्यातला दुसरा संच अगदी नवा, त्यातून व्यावसायिक वीज निघू लागून जेमतेम तीन महिने झालेले. त्या पहाटे पाणी पुरवणारे पंप बंद पडले, त्यापाठोपाठ टर्बाइन थांबले आणि काही सेकंदांतच अणुभट्टी आपोआप बंद झाली. इथपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे झाले. भट्टीतला दाब वाढला म्हणून वरचा एक व्हॉल्व्ह आपोआप उघडला. हेही ठरल्याप्रमाणेच. दाब उतरल्यावर तो बंद व्हायला हवा होता. तसा हुकूम त्याला गेलाही. पण व्हॉल्व्ह अडकला आणि उघडाच राहिला.

नियंत्रण कक्षात त्या व्हॉल्व्हचा एक लाल दिवा होता. हुकूम गेला आणि दिवा विझला. ऑपरेटरांनी पाहिले. दिवा विझला, अर्थात व्हॉल्व्ह बंद झाला. त्यांच्या जागी तुम्ही असता, मी असतो, तरी हेच समजलो असतो. पण दिव्याची तार प्रत्यक्ष व्हॉल्व्हपर्यंत गेलेलीच नव्हती. ती गेली होती त्याला उघडमिटीचा हुकूम देणाऱ्या विजेच्या कळीपर्यंत. दिवा सांगत होता, ‘बंद हो असे सांगितले आहे’. माणसे वाचत होती, ‘बंद झाला आहे’. त्यातही गंमत अशी की आधी तिथे एवढाही दिवा नव्हता. १९७८ साली एकदा असाच घोळ झाला, त्यानंतर सोय म्हणून तो बसवला होता.

मी गेली तीस वर्षे कारकुनी करतो. हुकूम सुटणे आणि हुकूम बजावला जाणे यात किती अंतर असते, हे मला कोणी सांगायला नको. वरून परिपत्रक निघाले की वरच्या टेबलावर दिवा विझतो. खाली गावात पाणी गळतच असते.

पुढचे दोन तास त्या कक्षात जे घडले ते वाचताना अंगावर काटा येतो. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम वाजू-लुकलुकू लागले. महत्त्वाचे कुठले, बिनमहत्त्वाचे कुठले, हे निवडून गप्प करण्याची सोय नव्हती. कुठला इशारा कधी आला याची नोंद छापणारे यंत्र होते. पण इशाऱ्यांच्या त्या लोंढ्यात ते मागे पडत गेले, एवढे की काही वेळा त्याची छपाई दोन तासांहून जास्त मागे होती. आणीबाणीत पाणी पुरवणाऱ्या वाटेवरचे दोन व्हॉल्व्ह चुकून बंद राहिलेले होते. ते बंद आहेत असे सांगणारे दिवे फलकावर लागलेले होते. पण त्यातला एक दुरुस्तीच्या पिवळ्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. आठ मिनिटांनी कोणाचे तरी लक्ष गेले.

उघड्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारे पाणी एका टाकीत जमा होत होते. त्या टाकीचा दाब पाहिला असता तर सगळे कोडे मिनिटात सुटले असते. काटा होता, चालू होता आणि खरे सांगत होता. पण तो होता उंच फलकाच्या पाठीमागच्या बाजूला. समोर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नव्हता. हा पाठीमागचा काटा जरा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

भट्टीत पाणी किती उरले, हे थेट दाखवणारे साधनच नव्हते. दाब राखणाऱ्या वेगळ्या टाकीची पातळी पाहून अंदाज बांधायचा. ती पातळी तर चढत होती. ऑपरेटरांना शिकवलेले होते की ही टाकी कधी तुडुंब भरू द्यायची नाही. त्यांनी शिकवल्याप्रमाणे केले, आपोआप सुरू झालेला आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी केला. भट्टी तहानेने जळत होती आणि फलकावरून वाचायचे तर पाणी जास्त झाले होते. सकाळी सहा वाजून गेल्यावर, नव्या पाळीच्या माणसाने ताज्या नजरेने पाहिले, तेव्हा कुठे त्या वाटेवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करून गळती थांबवली. तोवर दोन तास वीस मिनिटे उलटली होती. भट्टीतले एक तृतीयांशाहून जास्त पाणी गेले होते. आतला निम्म्याच्या आसपास गाभा वितळला होता, हे तर पुढे कित्येक वर्षांनी आत कॅमेरा सोडला तेव्हा कळत गेले. दोन दिवसांनी, ३० मार्चला, राज्याच्या गव्हर्नरांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात दीड लाखाच्या आसपास माणसे घरे सोडून निघाली. तो दुसरा संच पुन्हा कधी चालू झाला नाही.

चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष जॉन केमेनी. हे नाव तुम्ही ऐकले नसेल, पण माझ्या वयाच्या अनेकांच्या आयुष्यात ते न सांगता येऊन गेले आहेत. बी.ए. झाल्यावर मी तालुक्याच्या गावी संगणकाचा क्लास लावला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरे. तिथे पहिल्या दिवशी शिकवली ती ‘बेसिक’ नावाची भाषा. ती केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात तयार केली होती. गणिती नसलेल्या, साहित्य नि इतिहास शिकणाऱ्या मुलांनाही यंत्राशी बोलता यावे म्हणून. त्या भाषेतला पहिला कार्यक्रम चालला तोही १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता. योगायोगच, त्यात काही शोधू नये. तरी पण माणसाला यंत्राशी सोप्या भाषेत बोलायला शिकवणाऱ्या गृहस्थाकडेच, यंत्र माणसाशी दुर्बोध का बोलले याची चौकशी यावी, हे मला फार आवडते.

केमेनी आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९७९ मध्ये आला. ऑपरेटर चुकले, असे त्यात आहेच. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यांचे प्रशिक्षण, त्यांच्या हातातल्या सूचना आणि त्यांच्या समोरचा फलक, या सगळ्यांनी मिळून त्यांना चुकायला लावले, असे त्यात आहे. याच बनावटीच्या दुसऱ्या एका केंद्रात सप्टेंबर १९७७ मध्ये असाच व्हॉल्व्ह अडकला होता. तिथे वेळीच लक्षात आले. तो धडा थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोचला नव्हता. त्या रात्रीच्या एका ऑपरेटरने आयोगासमोर सांगितले की, तो इशाऱ्यांचा फलक मला उचलून फेकून द्यावासा वाटत होता, उपयोगाचे तो काहीच सांगत नव्हता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून इतके खरे बोलणे क्वचितच निघते.

‘माणूस चुकला’ हे वाक्य फार जुने आणि फार स्वस्त आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि उतरल्यावर वैमानिक चाकेच आत ओढून घेत. विमान पोटावर बसे. वैमानिक निष्काळजी, असा शेरा पडे. अल्फॉन्स चॅपानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने जाऊन पाहिले, तर पंखांच्या झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारीशेजारी, आणि दिसायला हुबेहूब सारख्या. थकलेला हात एकीऐवजी दुसरीवर जाई. त्याने चाकाच्या कळीला एक छोटे रबरी चाक लावले आणि झडपेच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. चुका थांबल्या. आजही विमानात चाकांच्या दांड्याला चाकाच्याच आकाराची मूठ असते, अंधारातही हाताला कळते. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदवलेले ४६० प्रसंग तपासले आणि त्यातल्या कित्येक चुकांचे मूळ कळींच्या आणि काट्यांच्या मांडणीत दाखवून दिले. हेच फिट्स १९५४ मध्ये एक नियम मांडून गेले: लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका हाताला वेळ जास्त लागतो. मोबाइलवरच्या चिमुकल्या बटणाशी अंगठ्याने झटापट करताना आपण रोज त्याच नियमाला भेटत असतो.

थ्री माइल आयलंडनंतर ज्यांना त्या नियंत्रण कक्षांचा अभ्यास करायला बोलावले, त्यात डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. रोजच्या वस्तू कशा घडवाव्यात यावरचे त्यांचे १९८८ चे पुस्तक पुढे जगभर वाचले गेले. त्यात एका अणुवीज केंद्राचे उदाहरण आहे. तिथल्या दोन महत्त्वाच्या कळा सारख्याच दिसत, म्हणून ऑपरेटरांनी त्यांच्यावर दोन वेगवेगळ्या बिअरच्या नळांच्या मुठी बसवल्या होत्या. साहेबांच्या मांडणीला कंटाळलेल्या कामगाराने केलेली ही दुरुस्ती मला अस्सल देशी वाटते. आपल्याकडे पंपाच्या स्टार्टरला कोणी चिंधी बांधतो, कोणी खडूने फुली मारतो, तीच ही जात.

रंगांचेही असेच. तुम्ही-आम्ही लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे ठीक, असे धरून चालतो. पण विजेच्या धंद्यात जुना संकेत वेगळा आहे. तिथे लाल म्हणजे चालू, प्रवाह वाहतो आहे. आणि हिरवा म्हणजे बंद. आपल्याकडच्या वीज उपकेंद्रातल्या पॅनेलवरही तेच दिसते. नव्या माणसाला ते अंगवळणी पडेपर्यंत जीव मुठीत धरावा लागतो.

त्या काळात फलकाचा वेगळा विचार करणारे कोणी नव्हतेच, असे मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात साल्वादोर अयेंदे १९७० मध्ये निवडून आले. राष्ट्रीयीकरण झालेल्या कारखान्यांचा कारभार एका जागेवरून पाहता यावा, म्हणून त्यांच्या सरकारातल्या फर्नांदो फ्लोरेस यांनी १९७१ मध्ये स्टॅफर्ड बिअर या इंग्रज व्यवस्थापनतज्ज्ञाला पत्र लिहिले. त्यातून ‘सायबरसिन’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. कारखान्यांतून टेलेक्सने सांतियागोला आकडे येत आणि तिथला संगणक ते तपासत असे. आणि एक खोली होती, षट्कोनी. गुई बोन्सीपे यांच्या गटाने ती आखली होती. मध्ये सात फिरत्या खुर्च्या, टेबल नाही, कागद नाही. भिंतींवर पडदे. खुर्चीच्या हातावर मोठी, वेगवेगळ्या आकारांची बटणे, कारण मंत्री आणि कामगार-पुढारी टंकलेखन करणार नाहीत, हे गृहीत धरले होते. पडद्यावरचे आलेख मात्र संगणक काढत नव्हता. ते मुली हाताने रंगवत आणि त्यांच्या स्लाइड भिंतीवर दिसत. इतिहासात त्या खोलीचे फोटो सगळीकडे सापडतात, त्या मुलींचे बोटांवर मोजण्याइतके.

त्या खोलीबद्दलचा एक प्रसंग बिअर सांगत असत. ते अयेंद्यांना कागदावर कारभाराचे पाच थर काढून दाखवत होते. सगळ्यात वरचा थर काढून ‘हे तुम्ही’ असे ते म्हणणार, तोच अयेंदे खुर्चीत मागे टेकून म्हणाले, अखेर जनता! खोली १९७३ च्या सुरुवातीला तयार झाली. पुरत्या कामाला ती कधी लागलीच नाही. ऑक्टोबर १९७२ च्या मालवाहतूकदारांच्या संपात टेलेक्सचे जाळे सरकारच्या खूप उपयोगी पडले, खोली नव्हे. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली, अयेंदे त्याच दिवशी गेले आणि नंतर ती खोलीही मोडली. मी तिचे फोटो पाहतो तेव्हा मनात दोन गोष्टी येतात. एक, इतका नेटका फलक मी आजवर कुठल्या कचेरीत पाहिला नाही. दुसरी, त्या फलकावर देशातला प्रत्येक कारखाना दिसला असता, बराकीतली हालचाल दिसली नसती.

आता पडद्याकडे येतो. संगणक टेबलावर होता तोवर डॅशबोर्ड आखणाऱ्याचे काम त्यातल्या त्यात सोपे होते. पडदा एवढा रुंद, त्यात बारा रकाने बसतात, बसवा. २००७ मध्ये आयफोन आला आणि पडदा तळहाताएवढा झाला. सुरुवातीला लोकांनी दोन दोन संकेतस्थळे बनवली, एक टेबलासाठी, एक मोबाइलसाठी. दोन घरे चालवायची म्हणजे एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे करायची राहून जाणारच. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकी डिझायनरने एक लेख लिहिला आणि ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव रूढ केले. कल्पना त्याने वास्तुरचनेतून उचलली होती, माणसांच्या वावराप्रमाणे आपला आकार बदलणाऱ्या खोल्यांच्या विचारातून. मांडणी पक्क्या मापाने न आखता प्रमाणात आखायची, चित्रे जागेप्रमाणे आकसू द्यायची आणि पडदा किती रुंद आहे हे विचारून त्याप्रमाणे नियम बदलायचे. तीनच गोष्टी. पाणी जसे तांब्यात तांब्याचे आणि घागरीत घागरीचे होते, तसे पान व्हायचे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, ट्विटरमधल्या दोघांनी ‘बूटस्ट्रॅप’ नावाचा तयार साचा सर्वांना मोफत दिला. तो लवकरच पडद्याप्रमाणे आकार बदलू लागला आणि जगातल्या हजारो कचेऱ्यांचे फलक एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसू लागले. आपल्याकडच्या अनेक सरकारी-निमसरकारी पडद्यांवरही त्याचीच छाप ओळखू येते.

बातमीचे पान आकसणे सोपे. परिच्छेदाखाली परिच्छेद येतो, वाचक अंगठ्याने वर ढकलत राहतो. पण कारभाराच्या फलकाचा जीव असतो तक्त्यात, आणि तक्ता आकसत नाही. बारा रकाने तळहातावर मावत नाहीत. मग आखणारा काय करतो? कधी प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी करून चिठ्ठ्या एकाखाली एक लावतो. कधी तक्ता आडवा सरकवायला सांगतो. आणि बहुतेक वेळा सोपी वाट धरतो: कमी महत्त्वाचे रकाने अरुंद पडद्यावर लपवून टाकतो. कमी महत्त्वाचे कुठले, हे ठरवतो तो, आणि तो बसलेला असतो भल्या रुंद पडद्यासमोर. थ्री माइल आयलंडच्या फलकापाठीमागचा तो काटा आता आठवा.

आपल्या लिप्यांची परवड आणखी निराळी. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या ओळीत देवनागरी ओतली की वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो. ‘सर्व’चे ‘सव’ झालेले मी पाहिले आहे. इंग्रजीतल्या चिमुकल्या शब्दाच्या जागी ‘काढून टाका’ बसवले की अरुंद बटणावर नुसते ‘काढून’ आणि तीन टिंबे उरतात. काय काढून? आणि सगळ्यावर कडी म्हणजे ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ असे विचारून खाली दोन बटणे, एक ‘रद्द करा’ आणि दुसरे ‘रद्द’. याला मी तरी कविता म्हणेन, कारण हिचे दोन अर्थ लागतात. आमच्या घरी उर्दूही वाचली जाते. उर्दू-अरबी पडद्यावर सगळी मांडणी आरशात पाहावी तशी उलटते. यादी उजवीकडे जाते, ‘मागे’चा बाण तोंड फिरवतो. पण आकडे डावीकडून उजवीकडेच राहतात आणि गाणे सुरू करायच्या खुणेचा त्रिकोणही फिरत नाही. कुठे फिरायचे आणि कुठे नाही, हे ज्याने कधी उजवीकडून वाचलेलेच नाही त्याला नुसत्या तर्काने उमगत नाही. वाचणाऱ्याला विचारावे लागते.

माझी स्वतःची गोष्ट सांगून संपवतो. २०१७ सालची. मी ज्या संस्थेच्या कार्यालयात काम करतो तिचे नाव घेत नाही, आणि तो पडदा कोणाचा होता तेही सांगत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज मुले भरत, आम्ही तपासायचे आणि पडद्यावरून पुढे पाठवायचे. शेवटची तारीख जवळ आलेली, कार्यालयातली वीज सकाळपासून गेलेली. मी मोबाइलवर काम उरकायला बसलो. एकेका नावापुढे ‘पुढे पाठवा’ दाबत गेलो आणि प्रत्येक नावापुढे हिरवी खूण येत गेली. एकूण त्रेचाळीस. संध्याकाळी हातावर हात झाडले, चहा प्यायलो.

दीड महिन्याने एका मुलीचे वडील आले. मंडईत लिंबे विकणारा माणूस. म्हणाले, "भाऊसाहेब, बाकीच्या पोरींचं आलं, आमचं न्हाई आलं. तुम्ही तर म्हणाला होतात, गेला म्हणून." मी मोबाइल काढून त्यांना हिरवी खूण दाखवली. अगदी आत्मविश्वासाने दाखवली. ते खुणेकडे पाहत राहिले. त्यांना काय बोलावे कळेना, कारण खूण तर होती. मग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या भगिनींनी मोठ्या संगणकावर तेच पान उघडले. तिथे हिरव्या खुणेच्या पलीकडे, अगदी शेवटी, आणखी एक रकाना होता. त्याचे नाव ‘पोच’. बेचाळीस नावांपुढे क्रमांक होता. त्या मुलीच्या नावापुढे रिकामे होते. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच होता की माझे बोट लागले. आणि पोच मोबाइलच्या पडद्यावर मावत नव्हती, म्हणून ती दाखवलीच जात नव्हती.

तारीख उलटून गेली होती. मी अर्ज केले, दोनदा स्वतः जाऊन आलो. सगळीकडे एकच उत्तर मिळाले, कर्मचाऱ्याने पडताळून पाहायला हवे होते. ते खोटे नव्हते. मुलीने त्या वर्षीची फी हप्त्याने भरली. पहिल्या हप्त्यात थोडी भर घालायला मी गेलो, तर वडील म्हणाले, "असू द्या भाऊसाहेब, तुमचा काय दोष." ते ऐकून मला जास्तच लागले.

त्या वर्षीपासून मी एक वही ठेवली आहे. नाव, तारीख आणि शेवटी पोच क्रमांक, शाईने. तीन वर्षे मी वरच्या कार्यालयाला लिहीत राहिलो की तेवढा एक रकाना लपवू नका, हवे तर दुसरे काहीही लपवा. चौथ्या वर्षी पान बदलले. माझ्या पत्रामुळे की आपसूक, ते कोणी कळवले नाही. आता मोबाइलवर नावाच्या लगेच खाली पोच दिसते, आणि ती येईपर्यंत हिरवी खूण येत नाही, नुसते ‘पाठवत आहे’ असे राहते. यंदाचे अर्ज गेल्या आठवड्यात पाठवले. वहीत एकोणसाठ नावे आहेत. दोघांची पोच अजून यायची आहे, त्यासाठी उद्या सकाळी पुन्हा पाहणार आहे.